लहान मुलांबरोबर गोष्टीची पुस्तकं वाचताना: पालकांचे नेहमीचे प्रश्न

मूल बोलायला शिकण्याच्या वयात गोष्टीची पुस्तकं कशी वाचावीत, याबद्दल आई-बाबा आणि आजी-आजोबा पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जन्मापासून साधारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा विचार आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण बहुतेक उत्तरांच्या मुळाशी तीच आहे: पुस्तक संपवायची घाई करू नका. पानापाशी थांबून मुलाशी बोला आणि मुख्य म्हणजे त्याला बोलायला जागा द्या. भाषा तिथेच वाढते.

कोणत्या वयापासून वाचायला सुरुवात करावी? बाळाला काही कळत तरी असेल का?

जन्मल्यापासून. बाळाला गोष्ट कळत नाही, पण आवाज कळतो. अँथनी डिकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स या मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गरोदरपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत आयांनी एक ठरावीक गोष्ट रोज मोठ्याने वाचली होती. जन्मल्यानंतर त्या बाळांना ती गोष्ट आणि एक नवीन गोष्ट अशा दोन्ही ऐकवल्या, तेव्हा बाळांनी ओळखीच्या गोष्टीकडे कल दाखवला. म्हणजे पोटात असतानाच भाषेची लय कानात मुरायला लागलेली असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2014 पासून, अगदी तान्हेपणापासून मुलांना मोठ्याने वाचून दाखवा, असा सल्ला अधिकृतपणे द्यायला सुरुवात केली.

पहिल्या काही महिन्यांत बाळाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं. म्हणून पुस्तक जवळ धरा. मोठी, ठसठशीत, गडद-फिक्या रंगांची चित्रं चालतात. सहा महिन्यांच्या आसपास पुस्तक तोंडात जातं, पानांवर हात आपटला जातो. ही त्याची पुस्तकाशी ओळख आहे, त्याला थांबवू नका. नऊ महिने ते वर्षाच्या दरम्यान बाळ एखाद्या चित्राकडे बघतं, मग तुमच्याकडे बघतं, मग पुन्हा चित्राकडे. ही घटना फार मोलाची आहे. ‘मी बघतोय ते तूही बघ’ असं बाळ पहिल्यांदा सांगत असतं. त्या क्षणी जो शब्द तुम्ही उच्चाराल, तो त्या चित्राला चिकटण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

आम्ही दिवसभर मुलाशी बोलतच असतो. मग वेगळं पुस्तक कशाला?

दिवसभरातलं बोलणं आठवून पाहा. ‘इकडे ये’, ‘हात धू’, ‘ते सोड’, ‘पडशील’, ‘चला, झोपायचंय ना?’ हे बोलणं आवश्यकच आहे, प्रेमाचंही आहे, पण त्यातले शब्द ठरलेले असतात आणि वाक्यं तोकडी. ते बहुतेक समोर दिसणाऱ्या गोष्टींबद्दल असतं.

पुस्तकात एकदम दुसरं जग उघडतं. कोणी तरी जंगलात हरवतं, कोणाला तरी मत्सर वाटतो, एखादं जहाज हेलकावे खातं. जेसिका माँटॅग आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये 100 चित्रपुस्तकांचा मजकूर मोठी माणसं मुलांशी एरवी जे बोलतात त्याच्याशी ताडून पाहिला. पुस्तकांत वेगवेगळ्या शब्दांची संख्या स्पष्टपणे जास्त निघाली.

शब्दांइतकंच वाक्यांचंही आहे. ‘ज्या फांदीवर ती बसली होती, तीच फांदी कडाकड मोडायला लागली’ असं वाक्य आपण घरात मुलाशी बोलताना सहसा वापरत नाही. ‘जोपर्यंत चंद्र उगवत नाही, तोपर्यंत आपण इथेच लपून राहू’ हेही नाही. जो-तो, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत अशी गुंफलेली वाक्यं मुलाच्या कानावर पडतात ती प्रामुख्याने गोष्टीतूनच. पुढे शाळेत पाठ्यपुस्तक उघडल्यावर त्याला हीच वाक्यरचना भेटणार असते.

नक्की वाचायचं कसं? नुसतं वाचून दाखवलं तर पुरतं का?

नुसतं वाचून दाखवणंही चांगलंच, पण भाषेसाठी त्याहून परिणामकारक पद्धत आहे आणि ती कोणालाही जमते. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या पालकांबरोबर एक प्रयोग केला. दोन्ही गटांतले पालक मुलांना घरी वाचून दाखवत होते. एका गटाला मात्र वाचताना मुलाला बोलतं कसं करायचं, हे थोडक्यात शिकवलं: मोकळे प्रश्न विचारा, मुलाच्या उत्तरात भर घाला, त्याच्या प्रयत्नाला दाद द्या. एका महिन्यातच या गटातली मुलं व्यक्त होण्यात दुसऱ्या गटाच्या पुढे गेली आणि नऊ महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही फरक दिसत होता. या पद्धतीला संवादी वाचन म्हणतात.

प्रत्यक्षात ते कसं दिसतं? चित्रात एक कुत्रा डबक्यात उडी मारतोय असं समजा. मांडीवर दोन वर्षांची मुलगी आहे.

ती बोट ठेवते: ‘भूभू.’
तुम्ही: ‘हो, भूभू! काय करतोय गं तो?’
ती जरा वेळ बघत राहते. तुम्ही काहीच बोलत नाही.
ती: ‘पानी.’
तुम्ही: ‘पाण्यात उडी मारली त्याने. धपाक्! आणि पाय बघ कसे झालेत.’
ती: ‘घान.’
तुम्ही: ‘घाण झालेत ना. चिखलाने माखलेत पाय.’
ती: ‘माकले.’
तुम्ही: ‘माखले! शाब्बास.’

एवढंच. अर्धं मिनिटही लागलं नाही, पण यात सगळं आलं. सुरुवात तिने केली आणि तुम्ही तिच्या शब्दापासूनच पुढे गेलात. तिच्या एका शब्दाचं तुम्ही छोटं वाक्य करून दिलंत, तिचा उच्चार चुकला तरी ‘असं नाही, असं म्हण’ म्हणाला नाहीत, फक्त नीट शब्द परत तिच्या कानावर घातलात. आणि ‘माखणं’ हा नवा शब्द तिला नेमका त्या चित्रापाशी मिळाला.

या सगळ्यात पालकांना सगळ्यात अवघड जातं ते गप्प राहणं. प्रश्न विचारला की आपण एक-दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो. लहान मुलाला प्रश्न समजून घ्यायला, शब्द शोधायला आणि तो तोंडातून बाहेर काढायला वेळ लागतो. मनात पाचपर्यंत आकडे मोजा. सुरुवातीला ही शांतता फार लांब वाटेल, पण मुलाचा शब्द त्या शांततेतच येतो.

असं थांबण्याला आधारही आहे. रेचल रोमियो आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि गोष्ट ऐकताना मुलांचा मेंदू कसा काम करतो, हे तपासलं. मेंदूतल्या भाषेशी संबंधित भागाचं काम मोठ्यांनी एकूण किती शब्द उच्चारले यापेक्षा मूल आणि मोठं माणूस यांच्यात बोलण्याची किती देवाणघेवाण झाली, याच्याशी जास्त जोडलेलं आढळलं.

प्रश्न कोणते विचारायचे?

वयाप्रमाणे बदलत न्या. दीड-दोन वर्षांच्या मुलाला ‘हे काय?’, ‘मनी कुठे आहे?’ पुरतं. गोष्ट ओळखीची झाली की वाक्य अर्धवट सोडा: ‘आणि मग ससा टुणकन...’ बाकीचं मूल पूर्ण करतं आणि त्याला स्वतःचा भारी अभिमान वाटतो. तीन वर्षांनंतर ‘काय चाललंय या चित्रात?’ असा सैलसर प्रश्न टाका, कारण त्याला एका शब्दात उत्तर देताच येत नाही. ‘मागे ती कुठे लपली होती, आठवतंय?’ हा गोष्टीची साखळी लक्षात ठेवायला लावणारा प्रश्न. आणि माझ्या मते सगळ्यात कसदार प्रश्न तो, जो पुस्तकातून मुलाच्या आयुष्यात उतरतो: ‘तू पण असा पावसात भिजला होतास ना? काय झालं होतं तेव्हा?’ यावर मूल जे सांगायला लागतं, ती त्याची स्वतःची पहिली गोष्ट असते. आधी काय झालं, मग काय झालं, कोण होतं, का रडलो, हे सगळं त्याला शब्दांत मांडावं लागतं.

हो-नाहीमध्ये उत्तर येईल असे प्रश्न कमी ठेवा. ‘हा हत्ती आहे ना?’ याला मान हलवली की संवाद संपला.

मी प्रश्न विचारायला लागले की मूल चिडतं, ‘वाच ना!’ म्हणतं.

मग वाचा. त्याचं बरोबर आहे. त्याला गोष्ट हवी आहे आणि आपण परीक्षा घेतोय असं त्याला वाटतंय. नवीन पुस्तक पहिल्यांदा अखंड वाचावं, गोष्टीचा रस लागू द्यावा. बोलणं दुसऱ्या-तिसऱ्या वाचनापासून वाढवत न्यावं. आणि बोलणं म्हणजे प्रत्येक वेळी प्रश्नच असं नाही. ‘अरे बापरे, केवढा अंधार आहे इथे’ असं स्वतःशी बोलल्यासारखं म्हणून थांबा. बरीचशी मुलं प्रश्नाला दाद देत नाहीत, पण अशा वाक्याला हमखास काही तरी जोडतात. एका पानावर एखादाच थांबा पुरे. काही पानं तर सरळ उलटू द्यावीत.

आमचं मूल एका जागी बसतच नाही. दोन पानं झाली की उठून पळतं.

दीड वर्षाच्या मुलाने दोन पानं ऐकली तर ती बैठक झाली. त्याला धरून बसवू नका, नाही तर पुस्तक आणि जबरदस्ती यांची त्याच्या मनात जोडी जमेल. ते खेळत असताना तुम्ही जवळच बसून वाचत राहिलात तरी कान इकडे असतात. शेवटच्या पानावरून सुरू केलं, मधली चार पानं गाळली, एकाच चित्रावर सगळा वेळ घालवला, तरी बिघडत नाही. हालचालीला वाव असलेली पुस्तकं निवडा: वाघासारखी डरकाळी फोड, बेडकासारखी उडी मार, पान संपेपर्यंत श्वास रोखून धर.

रोज तेच पुस्तक मागतं. आम्हाला कंटाळा आलाय. नवीन दिलं पाहिजे का?

द्या, पण जुनं काढून घेऊ नका. हट्टाने तेच पुस्तक मागणारं मूल स्वतःच्या भाषेसाठी योग्य तेच करत असतं. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तीन वर्षांच्या मुलांना गोष्टींमधून काही नवे शब्द ऐकवले. काहींना त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या, काहींना वेगवेगळ्या. शब्द दोन्हीकडे सारख्याच वेळा आले होते, तरी ज्यांनी तीच गोष्ट ऐकली त्या मुलांना शब्द चांगले लक्षात राहिले.

कारण समजायला सोपं आहे. पहिल्या वेळी मूल गोष्टीत काय घडतंय एवढंच पकडतं. दुसऱ्या वेळी पुढे काय होणार हे माहीत असतं, म्हणून लक्ष चित्रांच्या बारकाव्याकडे जातं. त्यानंतर शब्दांकडे. दहाव्या वाचनाला ते तुम्ही गाळलेला शब्द पकडतं आणि रागावतं. तुमचा कंटाळा खरा आहे, त्यावर उपाय म्हणजे दर वेळी वेगळं काही तरी करा: एकदा पात्रांचे आवाज काढा, एकदा मुलाला ‘वाचायला’ सांगा आणि तुम्ही श्रोते व्हा, एकदा मागच्या कोपऱ्यातल्या खारीचीच गोष्ट सांगा.

पुस्तकातला अवघड शब्द सोपा करून सांगावा की तसाच वाचावा?

तसाच वाचावा आणि ओघात अर्थ पेरावा. ‘म्हातारा हिरमुसला’ असं असेल तर ‘म्हातारा रडला’ असं बदलू नका. ‘म्हातारा हिरमुसला. तोंड एवढंसं झालं त्याचं, वाईट वाटलं ना त्याला’ असं म्हणा आणि पुढे जा. अवघड शब्द काढून टाकला तर पुस्तक वाचण्याचा अर्धा फायदा तिथेच जातो. मात्र एका बैठकीत दोन-तीन शब्दांवरच असं रेंगाळा. आणि तो शब्द पुस्तकात सोडून देऊ नका. दुसऱ्या दिवशी खेळणं तुटलं तर म्हणा, ‘हिरमुसलास ना?’ शब्द आपला होतो तो असा दुसरीकडे वापरला गेल्यावर.

नादाचे शब्द चवीने वाचा. धपकन, टुणकन, सळसळ, खळखळ, चटचट, लुटुलुटु, गडगडाट. लुटुलुटु चालणारं पिल्लू आणि तुरुतुरु पळणारं पिल्लू यांतला फरक दोन वर्षांच्या मुलाला तुमच्या आवाजातून आणि बोटांच्या हालचालीतून कळतो. असे शब्द मुलं लवकर उचलतात, कारण त्यांचा अर्थ कानालाच लागतो. तुम्ही संकोचून सपाट वाचलंत तर मात्र काहीच पोहोचत नाही.

कोणत्या वयाला कोणती पुस्तकं?

वर्षाच्या आत जाड पुठ्ठ्याची, मोजक्या चित्रांची. एक ते दोन वर्षांत ओळखीच्या वस्तू, प्राणी, माणसं, रोजच्या कृती; पानावर एखादं वाक्य. दोननंतर छोटी गोष्ट, ज्यात एखादी ओळ पुन्हा पुन्हा येते. तीन-चार वर्षांत पात्रांच्या मनात काय चाललंय हे समजून घ्यावं लागेल अशी गोष्ट. पाच-सहाला थोडी लांब, रोज थोडी थोडी पुरवायची.

निवडताना एक बारकावा लक्षात ठेवा. झोई फ्लॅक आणि जेसिका हॉर्स्ट यांनी दाखवलं आहे की उघडलेल्या पुस्तकात एका वेळी दोन मोठी चित्रं असतील, तर साडेतीन वर्षांच्या आसपासची मुलं नवे शब्द कमी शिकतात. कोणत्या चित्राबद्दल वाचलं जातंय हेच त्यांना कळत नाही. ज्या पानाबद्दल वाचायचं त्याकडे आधी हाताने खूण केली की हा अडथळा दूर होतो. म्हणजे चित्रांनी खच्चून भरलेलं पुस्तक वाईट नाही, पण बोट तुम्ही ठेवायला हवं. झडपा उघडायच्या, दोऱ्या ओढायच्या पुस्तकांचंही असंच आहे. ती मजेची असतात, पण मुलाचं सगळं लक्ष झडपेकडे जातं. घरात एखाद-दुसरं असू द्या.

शब्द नसलेली चित्रपुस्तकं लोक टाळतात, याचं मला वाईट वाटतं. अशा पुस्तकात वाचायला काही नसल्यामुळे दोघांनाही बोलावंच लागतं.

मला नीट वाचता येत नाही. आजीला तर अजिबातच येत नाही. मग?

मग चित्र बघून गोष्ट सांगा. संवादी वाचनातला मोठा भाग छापील अक्षरांवर अवलंबूनच नाही. पान उलटायचं, चित्राकडे बघायचं, ‘ही बाई कुठे निघाली असेल?’ म्हणायचं आणि मुलाचं ऐकायचं, एवढं आजीला उत्तम येतं. तिच्याकडे शब्दांचा जो साठा असतो तो अनेकदा पुस्तकापेक्षा श्रीमंत असतो. तिने सांगितलेली गोष्ट आणि छापलेली गोष्ट वेगळी निघाली तर काहीही बिघडत नाही. मूल मोठं झाल्यावर ‘आजी, इथे असं नाही लिहिलेलं’ म्हणेल, आणि त्यावरही दोघांना बोलता येईल.

घरात दोन भाषा आहेत. कोणत्या भाषेतली पुस्तकं वाचावीत? मूल गोंधळेल का?

मुलं गोंधळत नाहीत. एकाच वाक्यात दोन भाषांचे शब्द घालतात, तो त्यांच्याकडे त्या क्षणी असलेल्या शब्दांचा वापर असतो. शब्द मोजायचेच असतील तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा. एका भाषेत मोजले तर मूल मागे पडल्यासारखं उगाच वाटतं.

ज्याला जी भाषा अस्खलित येते, ज्या भाषेत त्याला हसता-रागावता येतं, त्या भाषेत त्याने वाचावं. आई एका भाषेत, बाबा दुसऱ्या भाषेत, असंही छान चालतं. शाळेची भाषा म्हणून स्वतःला जेमतेम येणाऱ्या भाषेत वाचून दाखवण्याचा हट्ट अनेक पालक धरतात. त्यात वाक्यं कोरडी होतात आणि चित्रावर गप्पा मारणं तर बंदच पडतं. पुस्तक परक्या भाषेतलं असेल तर चित्रं त्याची घ्या आणि गोष्ट आपल्या भाषेत सांगा. पहिल्या भाषेत ‘मत्सर’ म्हणजे काय ते कळलेल्या मुलाला दुसऱ्या भाषेत फक्त नवा शब्द शिकायचा असतो, कल्पना आधीच हातात असते.

पुस्तकाची भाषा आणि घरची बोली यांतही असाच फरक असतो. मजकूर लिहिलाय तसा वाचा, गप्पा आपल्या बोलीत मारा. मुलाच्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणून टोकू नका. टोकलेलं मूल शुद्ध बोलत नाही, ते कमी बोलायला लागतं.

मोबाइलवर गोष्टींचे व्हिडिओ लावले तर तेच काम होणार नाही का?

नाही. पॅट्रिशिया कुल यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींसमोर प्रत्यक्ष माणूस बसून पुस्तकं वाचत आणि खेळत होता, काहींना त्याच गोष्टी पडद्यावर दाखवल्या, काहींना नुसता आवाज ऐकवला. प्रत्यक्ष माणसाबरोबर 12 बैठका झालेली बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. पडद्यावरून किंवा नुसत्या आवाजातून शिकणाऱ्यांमध्ये काहीच फरक पडला नाही. पडदा मुलाकडे बघत नाही, ते कुठे बघतंय हे त्याला कळत नाही आणि तो उत्तराची वाटही बघत नाही.

टॅब्लेटवरच्या पुस्तकांचा अभ्यास टिफनी मन्झर आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये केला. छापील पुस्तक हातात असताना पालक आणि मूल जास्त बोलले आणि पुस्तक दोघांनी मिळून हाताळलं. टॅब्लेटवर बोलणं कमी झालं. जागतिक आरोग्य संघटनेची 2019 ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात की एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, आणि मूल बसलेलं असेल तेव्हा त्याला वाचून दाखवावं, गोष्टी सांगाव्यात.

दुसरा काही मार्गच नसेल, पुस्तक पडद्यावरच मिळत असेल, तर आवाज बंद करा आणि तुम्ही वाचा. दूर राहणाऱ्या बाबांनी व्हिडिओ कॉलवर पुस्तक वाचणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे समोर माणूस आहे, तो मुलाचं ऐकून उत्तर देतो.

रोज किती वेळ? रात्री झोपतानाच वाचावं का?

दहा-पंधरा मिनिटं भरपूर झाली, तीही दोन-तीन तुकड्यांत चालतील. नियमितपणा महत्त्वाचा, कारण थोड्याचं खूप होतं. जेसिका लोगन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये हिशेब मांडला: रोज एक पुस्तक ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर पाच वर्षांचं होईपर्यंत नुसत्या पुस्तकांतूनच सुमारे 2,96,000 शब्द पडतात. रोज पाच पुस्तकं ऐकणाऱ्याच्या कानावर 14 लाखांहून जास्त. हा पुस्तकांतल्या मजकुराच्या लांबीवरून काढलेला अंदाज आहे आणि त्यात वाचताना होणाऱ्या गप्पा धरलेल्याच नाहीत. माझ्यासाठी यातला उपयोगाचा आकडा पहिला आहे. पाच पुस्तकं सगळ्यांना जमणार नाहीत, एक जमतं.

झोपण्याआधीची वेळ चांगली. तीन वर्षांच्या मुलांवरच्या 2014 च्या एका अभ्यासात, गोष्ट ऐकून लगेच झोपलेल्या मुलांना नवे शब्द जास्त चांगले लक्षात राहिले. पण रात्री तुम्ही थकून पेंगत असाल तर सकाळी वाचा. पेंगणारं माणूस पानं उलटतं, बोलत नाही.

वाचताना अक्षरं दाखवून शिकवावीत का? लवकर वाचायला येईल ना?

गोष्ट ऐकणं आणि अक्षर ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. कॅनडातल्या मोनिक सेनेशाल आणि जो-अ‍ॅन लफेव्हर यांनी काही वर्षं मुलांचा मागोवा घेऊन 2002 मध्ये हे मांडलं: घरी गोष्टींची पुस्तकं वाचली गेली त्याचा संबंध मुलांच्या शब्दसंग्रहाशी आणि ऐकून समजण्याशी होता; पालकांनी अक्षरं शिकवली त्याचा संबंध सुरुवातीच्या अक्षरवाचनाशी. आणि वाचलेलं समजण्याची वेळ येते तेव्हा शब्दसंग्रह कामी येतो.

तसंही वाचन चालू असताना मुलांची नजर बहुतेक वेळ चित्रांवरच असते, हे नजरेचा माग काढणाऱ्या अभ्यासांतून दिसलं आहे. चार वर्षांनंतर कधी तरी शीर्षकावरून बोट फिरवा, ‘तुझ्या नावातलं अक्षर इथे आहे बघ’ म्हणा. त्यापलीकडे गोष्टीच्या मध्येच धडा घुसवू नका.

दुःखाच्या, भीतीच्या गोष्टी वाचाव्यात का?

वाचाव्यात, मांडीवर बसवून. ओशाळणं, हेवा वाटणं, एकटं पडणं, रुसणं, धास्तावणं या शब्दांना मुलाच्या आयुष्यात दुसरीकडे कुठे जागा मिळणार? ‘तिला काय वाटलं असेल?’ एवढं विचारा. मुलाने पान उलटायला सांगितलं तर उलटा, तो त्याचा निर्णय.

दोन मुलं आहेत, एक दीड वर्षाचं आणि एक पाच वर्षांचं. एकत्र कसं वाचायचं?

मोठ्याला धाकट्यासाठी चित्रातून गोष्ट सांगायला लावा, दोघांचंही भलं होतं. फक्त मोठा सगळी उत्तरं देऊन टाकत नाही ना, ते बघा. आणि शक्य असेल तेव्हा प्रत्येकाला थोडा एकट्याचा वेळ द्या.

पुस्तकं फाडतं, चघळतं.

फाटलेलं पान त्याच्यासमोर चिकटवा आणि पुन्हा तेच वाचा. पुस्तकं उंच कपाटात ठेवली तर ती वाचली जात नाहीत.

आमचं मूल उशिरा बोलतंय. पुस्तकं वाढवली की सुटेल का?

पुस्तकं जरूर वाचा, पण तपासणी पुढे ढकलू नका. वर्षाचं बाळ नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचं मूल काही दाखवण्यासाठी बोट करत नसेल किंवा त्याच्याकडे आई-बाबा सोडून काहीच शब्द नसतील, दोन वर्षांचं मूल ‘बाबा ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नसेल, तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं बाहेरच्यांना बहुतांशी कळत नसेल, किंवा कोणत्याही वयात येत असलेले शब्द गळून गेले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. श्रवण तपासणी करून घ्या, मूल आवाजाला दचकत असलं तरीही. कारण काही स्वर ऐकू येतात आणि काही येत नाहीत, असं होऊ शकतं. गरज असेल तर स्पीच थेरपिस्टची मदत लवकर मिळणं चांगलं. ‘मुलं उशिराच बोलतात’, ‘घरात सगळेच उशिरा बोलले’ हे प्रेमाने दिलेले सल्ले असतात, पण त्यात हातचे महिने जातात.

अशा मुलाबरोबर वाचताना प्रश्न कमी, नाव घेणं जास्त. ‘बॉल. लाल बॉल. बॉल गेला.’ त्याने बोट दाखवलं, हुंकार दिला, नजर वळवली, तर तीच त्याची पाळी समजा आणि उत्तर द्या.

आता शाळेत स्वतः वाचायला लागलंय. वाचून दाखवणं थांबवावं का?

इतक्यात नको. सहा-सात वर्षांचं मूल स्वतः अडखळत जे वाचू शकतं, त्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचं त्याला ऐकून कळतं. हा फरक पुढेही काही वर्षं राहतो. त्याच्या हातात सोपं पुस्तक असू द्या आणि तुमच्या तोंडून त्याच्या आवाक्याच्या थोडं पलीकडचं. एक पान त्याने, एक पान तुम्ही असंही करता येईल. त्याचं पान चालू असताना अडलेला शब्द लगेच सांगू नका, इथेही पाचपर्यंत मोजा. तरीही अडलं तर सांगून टाका आणि गोष्ट पुढे जाऊ द्या.